फवारणीआधी पान उलटून बघा

कुंडीतलं झाड मलूल दिसलं की हात आपसूक दोन गोष्टींकडे जातो, पाण्याचा तांब्या आणि औषधाची बाटली. दोन्ही गोष्टी चुकीच्या वेळी पडल्यामुळे धडधाकट झाडं गेलेली मी पाहिली आहेत. म्हणून कुणी विचारलं की मी एकच सांगतो, आधी पान हातात घ्या आणि उलटून बघा. बिघडलंय ते खालचं जुनं पान की शेंड्याचं कोवळं? शिरा हिरव्या आहेत की त्याही पिवळ्या पडल्यात? पानाच्या पाठीवर काही हलतंय का? एवढं नीट पाहिलं तर निम्मं निदान तिथल्या तिथे होतं.

माझ्या मिरचीच्या रोपाची गोष्ट घ्या. उन्हाळ्यात त्याची पानं धुरकट दिसायला लागली. मला वाटलं, धूळ बसली असेल. पुसली, तरी तशीच. जवळून पाहिल्यावर कळलं की ती धूळ नव्हती, टाचणीच्या टोकाने टोचावेत तसे शेकडो फिकट ठिपके पानावर होते. पान तोडून उलटं केलं आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली धरलं. मुख्य शिरेच्या कडेला पिवळसर, जवळजवळ पारदर्शक जीव चालत होते. प्रत्येकाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना एकेक काळसर डाग. मध्येमध्ये मोत्यासारखी गोल अंडी आणि या सगळ्यावरून ताणलेले रेशमी धागे. हा लाल कोळी. नाव लाल असलं तरी बहुतेक वेळा तो फिकट पिवळा किंवा हिरवटच असतो, म्हणून लाल काही शोधणाऱ्याला तो सापडत नाही.

भिंग नसेल तर पांढरा कागद पानाखाली धरा आणि पानाला टिचकी मारा. पडलेल्या कणांपैकी काही चालायला लागले, तर शंका उरत नाही.

लाल कोळी हा कीटक नाही. त्याला आठ पाय असतात, तो जाळं विणणाऱ्या कोळ्यांचा नातेवाईक. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. तोंडातली सुईसारखी नळी तो पानात खुपसतो आणि पेशीतलं सगळं, हरितद्रव्यासकट, शोषून घेतो. आपल्याला दिसणारा प्रत्येक फिकट ठिपका म्हणजे अशा रिकाम्या झालेल्या पेशींचा पुंजका. याचा वेग कळला की उपायही कळतो. ३० अंश सेल्सियसच्या आसपास, कोरड्या हवेत, अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला त्याला साधारण आठवडा पुरतो आणि एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालते. नर भेटला नाही तरी तिचं अडत नाही. फलन न झालेल्या अंड्यांतून नर जन्मतात, त्यातल्याच एखाद्याशी तिचा संयोग होतो आणि मग माद्याही जन्माला येऊ लागतात. एकटी मादी वाऱ्यावर येऊन पडली तरी पूर्ण वसाहत उभी राहते.

आता लक्षात येईल की एकदा फवारून का भागत नाही. घरी वापरतो त्या बहुतेक फवाऱ्यांतून अंडी वाचतात. चार-पाच दिवसांनी ती फुटतात आणि आपल्याला वाटतं औषध लागू पडलं नाही. मग आपण जास्त कडक औषध आणतो, त्याने कोळ्यांवर जगणारे परभक्षी कोळी आणि मित्रकीटक आधी मरतात आणि लाल कोळ्याला रान मोकळं होतं. औषधांना दाद न देण्याच्या बाबतीत हा जीव जगात अव्वल आहे, नव्वदहून जास्त रसायनांविरुद्ध त्याच्यात प्रतिकारशक्ती आल्याच्या नोंदी आहेत. साध्या पाण्याच्या धारेला मात्र प्रतिकारशक्ती तयार होत नाही. दर तीन-चार दिवसांनी पानाच्या पाठीवर जोराची धार मारायची, जाळी धुऊन काढायची, फार खराब झालेली पानं तोडून पिशवीत बांधून टाकायची. मी हे तीन आठवडे केलं. कंटाळवाणं काम आहे, पण मिरची वाचली.

मिरचीचाच विषय निघालाय तर बोकड्याबद्दलही, म्हणजे पानं वळून चुरगळण्याच्या तक्रारीबद्दलही सांगतो. पानांच्या कडा वरच्या बाजूला वळून वाटी झाली असेल तर बहुधा फुलकिडे असतात. कडा खाली वळून उलटी होडी झाली असेल, तर डोळ्यांना न दिसणारा वेगळा कोळी असण्याची शक्यता जास्त. आणि झाड खुरटून शेंड्याला बारीक, चुरगळलेल्या पानांचा गुच्छ झाला असेल, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असू शकतो. त्यावर औषध नाही. ते रोप काढून टाकणं जिवावर येतं, पण शेजारच्या कुंड्यांसाठी ते करावं लागतं.

माव्याची कथा वेगळी. मावा पेशी फोडत नाही, तो झाडाच्या अन्नरसाच्या नळीलाच तोंड लावून बसतो. या रसात साखर भरपूर आणि प्रथिनांचा कच्चा माल तुटपुंजा. पुरेसा कच्चा माल मिळवायचा तर ढीगभर रस प्यावा लागतो आणि नको असलेली साखर मागून बाहेर टाकावी लागते. पानावर बोटाला लागणारा चिकटा तो हाच. त्याच्यावर काळी बुरशी वाढते, तिला आपण काजळी म्हणतो. या चिकट्यासाठी मुंग्या माव्याची राखण करतात, मावा खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावून लावतात. त्यामुळे कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली की तिचा माग काढत वर शेंड्यापर्यंत नजर न्या. शेवटी बहुतेक वेळा मावा किंवा पिठ्या ढेकूण सापडतोच.

माव्याची मादीही नराशिवाय थेट पिल्लांना जन्म देते, आणि जन्मणाऱ्या पिल्लाच्या पोटात पुढच्या पिढीची वाढ आधीच सुरू झालेली असते. म्हणजे आजी, आई आणि नात एकाच शरीरात! सोमवारी दोन दिसले आणि रविवारी शेंडा भरून गेला, यात नवल काही नाही. आपण इथे एक मदत नकळत करतो. झाड वाढावं म्हणून युरियासारखं नत्रखत सढळ हाताने घालतो, त्याने कोवळी लुसलुशीत पालवी फुटते, रसातली प्रथिनांची सामग्री वाढते आणि माव्याची चंगळ होते. मावा वारंवार येत असेल तर फवारणीआधी खत कमी करून बघा.

पण कुंडीतल्या झाडांच्या तक्रारींचं मूळ मला सर्वाधिक वेळा सापडलं ते किडीत नव्हे, पाण्यात. जास्त पाण्याने झाड कोमेजतं, हे पटायला अवघड जातं. माती ओली, तरी पानं मान टाकून उभी. आपण आणखी पाणी घालतो. रोग रेड्याला, औषध पखालीला, तशातली गत. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत पाणी भरलं की हवा बाहेर पडते, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. मुळांच्या पेशींना पाणी आत घेणारी प्रथिनांची सूक्ष्म दारं असतात. ऑक्सिजन तुटला की पेशीतली आम्लता वाढते आणि ही दारं मिटतात. मुळं पाण्यात बुडालेली आणि पानं तहानलेली, असं खरोखर होतं. पुढे कुजवणाऱ्या बुरश्या येतात, पांढरी मुळं तपकिरी, गुळगुळीत होतात आणि ओढलं तर वरची साल हातात येते.

कुंडीत हे जमिनीपेक्षा सहज का घडतं, ते एका स्पंजवर दिसतं. जाड, चौकोनी स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि आडवा, सपाट धरा. गळायचं तेवढं पाणी गळू द्या. थेंब थांबले की दाबू नका, फक्त तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागतं. स्पंज तोच, पाणी तेच, बदलली ती फक्त उंची. बारीक छिद्रं आपल्या ओढीने तळाशी ठरावीक उंचीपर्यंत पाणी धरून ठेवतात, गुरुत्वाकर्षण तेवढं पाणी खेचू शकत नाही. कुंडीच्या तळाशी असाच एक कायम ओला थर राहतो. उथळ कुंडीत तो निम्मी माती व्यापतो, खोल कुंडीत थोडीच.

यावरून एक जुना समज मोडतो. तळाला खडे घातले की निचरा चांगला होतो असं सगळे सांगतात, मीही वर्षानुवर्षं घालत होतो. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, वरची माती पूर्ण भरल्यावरच ते खाली पडतं. म्हणजे ओला थर खड्यांच्या वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. भोकातून माती वाहून जाऊ नये म्हणून खापरीचा एक तुकडा ठेवला तर पुरे. निचरा सुधारायचा असेल तर मातीच भुसभुशीत करा, कोकोपीट, भरड वाळू, परलाइट असं काही संपूर्ण मिश्रणात मिसळून. आणि पाणी केव्हा घालायचं ते वाराने ठरवू नका. कुंडी थोडी उचलून बघा. आठवडाभर उचलली की ओल्या आणि सुक्या कुंडीचं वजन हाताला पाठ होतं.

सतत ओल्या मातीवर बारीक काळ्या माश्या उडतात त्या झाडाला चावत नाहीत. त्यांच्या अळ्या वरच्या पाच-सात सेंटिमीटर मातीत बुरशी आणि कुजका पाला खातात, रोप लहान असेल तर केशमुळंही. कच्च्या बटाट्याची चकती मातीवर दोन दिवस ठेवून उलटी करा, काळ्या डोक्याच्या पांढऱ्या अळ्या चिकटलेल्या दिसतील. मातीचा वरचा थर नीट वाळू दिला की त्यांची पैदास आटते, पिवळे चिकट सापळे उडत्या माश्यांचं बघून घेतात.

आता पिवळ्या पानांकडे. हा विषय मला फार आवडतो, कारण इथे झाड चक्क आपला हिशोब उघडून दाखवतं. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्यं झाडात फिरू शकतात. त्यांची टंचाई झाली की झाड जुनी पानं मोडीत काढून ती कोवळ्या पानांना पाठवतं. म्हणून यांची लक्षणं खालून वर चढतात. खालचं पान सगळंच एकसारखं फिकट झालं तर नत्र, शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा झाला तर मॅग्नेशियम, कडा करपल्या तर पालाश. लोह, कॅल्शियम आणि बोरॉन मात्र एकदा पानात बसले की सहसा हलत नाहीत. त्यांची टंचाई शेंड्याला दिसते. कोवळं पान पिवळं आणि त्यावर शिरांची हिरवी जाळी, ही लोहाची खूण.

आणि तरी लोह कमी आहे म्हणून लोह घालायला धावू नका. मातीत ते बहुधा असतंच. मातीचा सामू (pH) साडेसातच्या वर गेला की ते अशा रूपात अडकतं की मुळांना उचलता येत नाही. जड, क्षारयुक्त पाणी वर्षभर घातलं तर कुंडीचा सामू हळूहळू चढतो. टोमॅटोच्या बुडाला काळा, दबलेला डाग पडतो तेव्हाही असंच. कारण कॅल्शियमचं, पण कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर चालतं, आणि एक दिवस कोरडं, एक दिवस तुडुंब अशा पाणी देण्याने ते फळापर्यंत पोचत नाही. तिथे खत नव्हे, नियमितपणा लागतो. उलट पानांची टोकं तपकिरी आणि मातीवर पांढरी पापुद्र्यासारखी साय असेल तर क्षार साचलेत, म्हणजे खत जास्त झालंय. कुंडीच्या आकारमानाच्या दोन-तीन पट साधं पाणी सावकाश ओतून खालून वाहून जाऊ द्यावं.

उजेडाबाबत डोळा आपल्याला फसवतो. भर दुपारच्या उन्हात सुमारे १ लाख लक्स प्रकाश असतो, दिवसा उजळ वाटणाऱ्या खोलीत बऱ्याचदा काहीशे. बाहुली मोठी होऊन आपलं काम भागतं, पानाला तशी सोय नाही. मग खोड लांबुळकं होतं, दोन पानांमधलं अंतर वाढतं आणि झाड खिडकीकडे झुकतं. कमी उजेडात झाड पाणीही कमी पितं, त्यामुळे अंधाऱ्या कोपऱ्यातल्या कुंडीला उन्हातल्या कुंडीइतकं पाणी घातलं की मुळं कुजायला सुरुवात होते.

एवढं सगळं पाहून झाल्यावर कीडच आहे अशी खात्री पटली तर कडुनिंबाचं तेल माझी पहिली पसंती. १९५९ मध्ये सुदानमध्ये टोळधाडीनंतर हिरवी राहिलेली कडुनिंबाची झाडं जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिश श्मुटरर यांनी पाहिली आणि या झाडावरच्या आधुनिक संशोधनाला चालना मिळाली. त्यातला मुख्य घटक ॲझाडिरॅक्टिन १९६८ मध्ये वेगळा करण्यात आला. त्याचा रेणू इतका गुंतागुंतीचा आहे की प्रयोगशाळेत तो पूर्ण बांधायला २००७ साल उजाडलं. ॲझाडिरॅक्टिन किडीला जागच्या जागी मारत नाही. तिची भूक मरते आणि कात टाकण्यासाठी लागणाऱ्या संप्रेरकाचा तोल बिघडतो, त्यामुळे पिल्लं मोठीच होत नाहीत. परिणाम दिसायला आठवडा लागतो. एक लिटर पाण्यात ५ मिली तेल आणि ते मिसळण्यापुरता सौम्य द्रवरूप साबण, एवढं पुरतं. कपड्यांची पावडर नको, ती पानावरचा मेणाचा थर काढते. उन्हात हा घटक लवकर मोडतो आणि तेलाने पान भाजतं, म्हणून फवारणी सूर्य कलल्यावर करावी, तेव्हा मधमाश्याही परतलेल्या असतात. आधी एका पानावर लावून दोन दिवस बघा. फवारा पानाच्या पाठीवर, आणि पाच-सात दिवसांनी पुन्हा.

उपाय लागू पडला की नाही हे ठरवताना जुन्या पानांकडे बघू नका. रिकामी झालेली पेशी पुन्हा हिरवी होत नाही. माझ्या मिरचीची ठिपकेदार पानं गळेपर्यंत ठिपकेदारच राहिली. मी रोज बघत होतो ते शेंड्याचं टोक. तिसऱ्या आठवड्यात तिथे दोन पानं उघडली, करंगळीच्या नखाएवढी. भिंगाखाली धरून पाठ तपासली, आणि तिथे फक्त शिरा होत्या.