फिनी, टॉम
फिनी, टॉम : (५ एप्रिल १९२२ – १४ फेब्रुवारी २०१४). इंग्लंडचा व्यावसायिक फुटबॉलपटू. लँकेशरमधील प्रेस्टन येथे जन्म. गावच्याच प्रेस्टन नॉर्थ एंड क्लबकडून तो लीगचे ४३३ सामने खेळला आणि १८७ गोल केले. इंग्लंडकडून ७६ सामन्यांत ३० गोल. तरीही त्याची ओळख राहिली ती ‘प्रेस्टनचा प्लंबर’ अशीच. हे नाव कौतुकाने घेतले जाते खरे, पण त्याच्या मुळाशी त्या काळच्या इंग्लिश फुटबॉलमधला पगाराचा हिशेब आहे.

चौदाव्या वर्षी त्याची उंची जेमतेम ४ फूट ९ इंच होती. क्लबने बोलावले, तेव्हा आधी नळकामाची उमेदवारी पुरी कर, असे वडिलांनी बजावले. जानेवारी १९४० मध्ये तो व्यावसायिक झाला, पण महायुद्धामुळे लीग बंद होती. १९४१ च्या युद्धकालीन चषकात प्रेस्टनने आर्सेनलला फेरसामन्यात हरवले. पुढे फिनी सैन्यात दाखल झाला आणि इजिप्त व इटलीत रणगाडा दलात होता. लीगमधला पहिला सामना खेळायला १९४६ साल उजाडले. तेव्हा तो २४ वर्षांचा होता.

मूळचा डावखुरा, उजवा पाय त्याने सरावाने घडवला आणि खेळला बहुधा उजव्या बगलेवर. त्या काळच्या रचनेत विंगरसमोर (बगलेवरून चढाई करणाऱ्या खेळाडूसमोर) एकच फुल बॅक, म्हणजे बगल राखणारा बचावपटू, उभा असे. एकाच पायाने खेळणारा विंगर रेषेलगत धावून क्रॉस टाकणार (चेंडू गोलासमोर मारणार), हे ओळखून फुल बॅक तेवढी वाट अडवून धरी. फिनी चेंडू पायाजवळ ठेवून सावकाश पुढे जाई आणि प्रतिस्पर्ध्याचा भार एका पायावर गेला की दुसऱ्या बाजूने निसटे. दोन्ही पाय सारखेच चालत असल्याने नेमकी कोणती बाजू अडवायची, हा पेच फुल बॅकला सुटत नसे. चेंडू कातडी, दोरीने बांधलेला. कोरडा असताना १४ ते १६ औंसांचा, पण पावसात पाणी पिऊन जड होई आणि चिखलात रुतून बसे. अशा मैदानावर चेंडू लांब ढकलून त्यामागे पळणाऱ्या विंगरची पंचाईत होई. फिनीचा खेळ त्यातही बराचसा टिकत असे.

राष्ट्रीय संघात त्याच जागेवर स्टॅन्ली मॅथ्यूज होता. दोघांपैकी कोण, यावर वर्तमानपत्रांतून वाद रंगत. मे १९४७ मध्ये लिस्बनला फिनीला डाव्या बगलेवर खेळवले आणि इंग्लंडने पोर्तुगालला १०–० असे हरवले. पुढे तो गरजेप्रमाणे उजवीकडे, डावीकडे आणि क्वचित सेंटर फॉरवर्ड (मधला आघाडीपटू) म्हणूनही खेळला. १९५०, १९५४ आणि १९५८ या तिन्ही विश्वचषकांत तो होता. १९५८ मध्ये सोव्हिएत संघाविरुद्ध गोलरक्षक यशीनला चकवून त्याने पेनल्टीवर बरोबरी साधली, पण त्याच सामन्यातील दुखापतीने उरलेली स्पर्धा हुकली.

आता पैशाचे. इंग्लिश लीगमध्ये खेळाडूला किती पगार द्यावा याला कमाल मर्यादा होती : १९४७ मध्ये आठवड्याला १२ पौंड, १९५८ मध्ये २० पौंड, उन्हाळ्यात त्याहून कमी. म्हणजे फिनीला देशातल्या कुठल्याही क्लबकडे जाऊन जास्त पगार मिळणे शक्यच नव्हते. त्यात करार एका हंगामाचा असला, तरी खेळाडूची नोंदणी क्लबच्या ताब्यात राही; क्लबने सोडले नाही तर करार संपूनही दुसरीकडे खेळता येत नसे. १९५२ मध्ये सिसिलीतील पालेर्मो क्लबने त्याला करारावर सही करण्यासाठी १०,००० पौंड, महिना १३० पौंड पगार, बंगला आणि मोटार देऊ केली. प्रेस्टनने नकार दिला आणि विषय तिथेच संपला. १९५० मध्ये काही इंग्लिश खेळाडू जागतिक फुटबॉल संघटनेच्या (फिफाच्या) कक्षेबाहेरच्या कोलंबियातील लीगकडे निघून गेले होते. परतल्यावर त्यांच्यावर बंदी आली. नळकामाचा धंदा फिनीने सोडला नाही, यात नवल नाही.

प्रेस्टनसाठी मोठे विजेतेपद मात्र त्याच्या हाती लागले नाही. १९५१ मध्ये लीगच्या दुसऱ्या विभागाचे (वरून दुसऱ्या पातळीचे) अजिंक्यपद मिळाले. १९५२–५३ मध्ये पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या विभागात आर्सेनल आणि प्रेस्टन दोघांचेही ५४ गुण झाले. तेव्हा बरोबरी गोल सरासरीने, म्हणजे केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागून सोडवत. आर्सेनलचे ९७ भागिले ६४ म्हणजे १.५१६, प्रेस्टनचे ८५ भागिले ६० म्हणजे १.४१७. (आजच्या गोल फरकाच्या नियमानेही आर्सेनलच पुढे राहिला असता.) १९५४ च्या एफए चषकाच्या (इंग्लंडमधील प्रमुख बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या) अंतिम सामन्यात वेस्ट ब्रॉमविच ॲल्बियनकडून २–३ असा पराभव झाला, त्या दिवशी फिनीचा खेळ फिकाच पडला. वर्षातील सर्वोत्तम फुटबॉलपटूचा मान मात्र त्याला १९५४ आणि १९५७ असा दोनदा मिळाला. दोनदा मिळवणारा तो पहिलाच.

जांघेच्या दुखण्याने एप्रिल १९६० मध्ये तो निवृत्त झाला. पुढच्याच हंगामात प्रेस्टनची पहिल्या विभागातून घसरण झाली. जानेवारी १९६१ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने संपाची धमकी दिल्यावर पगाराची मर्यादा उठली आणि फुलमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड मिळू लागले. नोंदणीची पकड १९६३ मध्ये न्यायालयाने अवाजवी ठरवली. त्याच वर्षी ४१ वर्षांचा फिनी बेलफास्टच्या डिस्टिलरी क्लबकडून युरोपियन कपात बेनफिकाविरुद्ध उतरला. सामना ३–३ असा सुटला. १९९८ मध्ये त्याला ‘सर’ हा किताब मिळाला. १९५६ मध्ये चेल्सीच्या पाणी साचलेल्या मैदानावर पाण्याचे फवारे उडवत घसरत जाणाऱ्या फिनीचे छायाचित्र टिपले गेले होते. त्यावरून घडवलेला पुतळा २००४ पासून प्रेस्टनच्या डीपडेल मैदानाबाहेर, कारंज्यात उभा आहे.