हवेतली रांग

मोबाइलवर वायफायच्या सगळ्या काड्या भरलेल्या दिसतात, तरी पान उघडत नाही. नुसतं गोल फिरत राहतं. गर्दीच्या चौकात मोफत वायफाय वापरू पाहणाऱ्या बहुतेकांनी हे अनुभवलेलं असतं. ‘फुकटचं आहे, असंच चालायचं’ म्हणून आपण सोडून देतो. पण दोष फुकटपणाचा नाही. खांबापर्यंत उत्तम फायबर आणून दिली तरी हे घडू शकतं, कारण खोळंबा होतो तो खांबावरचा वायफायचा डबा आणि हातातला फोन यांच्यामधल्या हवेत.

1985 साली अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपासचा रेडिओ लहरींचा पट्टा विनापरवाना संदेशवहनासाठी खुला केला. तोवर तिथे मायक्रोवेव्ह ओव्हनसारख्या उपकरणांचा वावर होता. पुढे इतर देशांनीही तशीच मोकळीक दिली आणि तिच्यातूनच वायफाय उभं राहिलं. नगरपालिका असो की चौकातलं एखादं दुकान, डबा लावायला कुणाला लहरींचा परवाना काढावा लागत नाही. मात्र हा पट्टा अरुंद आहे. एकमेकांवर न चढणारे चॅनेल, म्हणजे बोलण्याच्या वेगळ्या वाटा, त्यात जेमतेम तीन बसतात: 1, 6 आणि 11. चौकातले सगळे डबे आणि सगळे फोन या तिघांत वाटले जातात.

एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. दोघं एकदम बोलले की बहुधा दोघांचंही वाया जातं. पण कुणी कधी बोलायचं हे सांगणारा पंच नसतो. म्हणून प्रत्येक फोन आधी कान देऊन ऐकतो. शांतता वाटली तर मनाशी 0 ते 15 मधला एखादा आकडा धरतो, तेवढे टप्पे थांबतो आणि मग बोलतो. आताच्या वायफायमध्ये हा टप्पा सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या नऊपट, इतका छोटा असतो. टक्कर झाली तर आकड्यांची मर्यादा दुप्पट करून पुन्हा प्रयत्न, आणि असं करत ती 1023 पर्यंत जाते. या विचाराचं मूळ 1971 मध्ये अमेरिकेच्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या ‘अलोहानेट’ या बिनतारी संगणक-जाळ्यात आहे. तिथे आधी ऐकण्याची पद्धत नव्हती, वाटेल तेव्हा बोलायचं. हिशोब मांडला तर अशा व्यवस्थेत फार तर 18 टक्के वेळ सत्कारणी लागतो. ऐकून बोलण्याने त्यात मोठी सुधारणा झाली, पण गर्दी वाढली की थांबणं आणि टकरा वाढतातच.

खरी गोम पुढे आहे. या रांगेत संधी सगळ्यांना सारखी मिळते, वेळ मात्र सारखा मिळत नाही. 1500 बाइटचं एक पॅकेट, म्हणजे माहितीचा एक गठ्ठा, सेकंदाला 54 मेगाबिट वेगाने साधारण पाव मिलिसेकंदात जातं. तेच 1 मेगाबिट वेगाने पाठवायला 12 मिलिसेकंद लागतात. डब्याजवळचा वेगवान फोन आणि दूर कोपऱ्यातला मंद फोन आळीपाळीने बोलू लागले की वेगवान फोनलाही दर वेळी 12 मिलिसेकंद ताटकळावं लागतं, आणि त्याचा वेग घसरून 1 मेगाबिटच्या आसपास येतो. मंद फोनवाल्याचा यात काही अपराध नाही. तो फक्त लांब उभा आहे.

डबे स्वतःही वेळ खातात. फोनवरच्या वायफायच्या यादीत दिसणाऱ्या आपल्या प्रत्येक नावासाठी ‘मी इथे आहे’ अशी हाळी प्रत्येक डबा सेकंदाला सुमारे दहा वेळा देतो, तीही पार लांबच्या जुन्या फोनला कळावी म्हणून सर्वांत मंद वेगाने. 250 बाइटची हाळी 1 मेगाबिटने द्यायला 2 मिलिसेकंद लागतात. म्हणजे यादीतल्या एकेका नावापायी 2 टक्के वेळ गेला. एकाच चॅनेलवर अशी वीस नावं असली तर कुणी काही पाहण्याआधीच 40 टक्के वेळ संपतो! म्हणूनच जाणकार तंत्रज्ञ 1 मेगाबिटसारखे जुने वेग बंद करतात आणि नावं मोजकी ठेवतात. खर्च शून्य, फरक मोठा.

लोक तक्रार करतात तेव्हा डब्याची ताकद वाढवण्याचा मोह होतो. मला तो घातक वाटतो. डबा ओरडला तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो. काड्या भरलेल्या दिसतात, पण फोनचं उत्तर डब्यापर्यंत पोचत नाही. शिवाय शेजारच्या खांबावरच्या डब्यालाही हा आरडाओरडा ऐकू जातो आणि तो गप्प बसून राहतो. गर्दीत उपाय उलटा लागतो: डबे जास्त, प्रत्येकाचा आवाज बेताचा, आणि जमेल तेवढे फोन चॅनेलांची चंगळ असलेल्या 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर. स्टेडियममध्ये तर अनेकदा डबे खुर्च्यांखाली बसवतात. माणसाच्या शरीरात पाणी भरपूर, ते या लहरी शोषतं, आणि प्रेक्षकांचीच भिंत होऊन एका डब्याचा आवाज दुसऱ्याकडे कमी जातो.

2021 मध्ये मंजूर झालेल्या वायफाय 6 च्या मानकाने या रांगेतच बदल केला. त्यात डबा चॅनेलचे बारीक तुकडे करून एकाच वेळी अनेक फोनना वाटून देऊ शकतो. जुन्या फोनना ही भाषा कळत नाही, त्यामुळे त्यांची जुनी रांग सोबत चालूच राहते.

पासवर्ड नसलेल्या साध्या वायफायमध्ये हवेतलं बोलणं शेजारच्याला ऐकता येतं. बहुतेक संकेतस्थळं आता मजकूर कुलूपबंद पाठवतात, तरी कोणतं स्थळ उघडलं हे बरेचदा कळतं. जुन्या पद्धतीच्या वायफायमध्ये पासवर्ड भिंतीवर लिहून हे टळत नाही, कारण तो सगळ्यांकडे असतो. 2018 पासून पासवर्डशिवायही प्रत्येक फोनशी वेगळी गुप्त किल्ली ठरवणारी पद्धत उपलब्ध आहे. तिच्याने खोटा डबा ओळखता येत नाही, पण चोरून ऐकणं थांबतं. नव्याने वायफाय बसवताना ती वगळायला मला एकही कारण दिसत नाही.

चाचणी मात्र पहाटे रिकाम्या चौकात घेऊ नये. ऐन गर्दीच्या वेळी, डब्यापासून सर्वांत लांबच्या बाकावर बसून, जुन्यातला जुना फोन हातात घेऊन घ्यावी. आणि वेगासोबत चॅनेल किती टक्के वेळ व्यापलेला आहे तेही मोजावं. हा आकडा बरेच डबे स्वतःच नोंदवून ठेवतात.