प्रकार्यवादाला जमिनीवर आणणारे मर्टन

समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला प्रकार्यवाद, म्हणजे प्रथा आणि संस्था समाजासाठी कोणतं काम (प्रकार्य) करतात हे पाहणारा विचार, असतोच, आणि बहुतेकांच्या वहीत एकच वाक्य उतरतं: समाज हे शरीर, संस्था हे त्याचे अवयव. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांचं भांडण नेमकं या बाळबोध प्रकार्यवादाशी होतं.

प्रकार्यवादाची मुळं फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युर्केम यांच्या १८९३ च्या श्रमविभागणीवरील ग्रंथापर्यंत जातात. शिक्षेने गुन्हेगार सुधारो न सुधारो, बाकीच्यांची नीतिबंधनं तिने पक्की होतात, असं त्यांचं म्हणणं. हा विचार पुढे मानवशास्त्रज्ञांनी उचलला. १९०६ ते १९०८ या काळात रॅडक्लिफ-ब्राउन यांनी अंदमानात अभ्यास केला. बऱ्याच दिवसांनी भेटणारी माणसं तिथे एकमेकांच्या गळ्यात पडून रडत, तेही रीत म्हणून. खंडित झालेलं नातं या रडण्यातून पुन्हा सांधलं जातं, असा अर्थ त्यांनी लावला. मॅलिनॉव्स्की तर प्रत्येक रूढी आणि वस्तू कसली तरी गरज भागवतेच, इथवर गेले. हार्वर्डमध्ये टॅलकॉट पार्सन्स सगळ्याच समाजांना लागू पडेल अशी भव्य चौकट उभी करत होते.

मर्टन यांनी हार्वर्डला पार्सन्स यांच्या हाताखालीही धडे घेतले होते. १९१० साली फिलाडेल्फियात, पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मूळ आडनाव श्कोल्निक. पोरवयात जादूच्या प्रयोगांसाठी घेतलेलं नाव पुढे कायमचं चिकटलं. १९४१ पासून ते कोलंबिया विद्यापीठात होते.

१९४९ च्या ग्रंथात त्यांनी जुनी तीन गृहीतं मोडीत काढली: समाज एकसंध असतो, प्रत्येक प्रथा उपयोगाचीच असते आणि तिच्यावाचून अडतंच. प्रथा एका गटाला तारक आणि दुसऱ्याला मारक असू शकते. या मारक बाजूला त्यांनी अपकार्य म्हटलं. उपयोग आहे म्हणताना कोणाला, हे सांगणं त्यामुळे भाग पडलं. (आपल्याकडे १९३६ मध्येच डॉ. आंबेडकरांनी जातीचं श्रमविभागणी म्हणून केलं जाणारं समर्थन खोडून, ही श्रमिकांची विभागणी आहे असं बजावलं होतं. मर्टनची परिभाषा तिथे नाही, पण प्रश्नाचा रोख तोच.)

दुसरी देणगी प्रकट आणि अप्रकट प्रकार्यांतल्या, म्हणजे ठरवून साधलेल्या आणि नकळत घडणाऱ्या परिणामांतल्या, फरकाची. होपी लोकांच्या पर्जन्यविधीने पाऊस पडत नाही, पण विखुरलेली माणसं एकत्र येतात. त्याहून झणझणीत उदाहरण अमेरिकी शहरांतल्या पक्षयंत्रणेचं, म्हणजे लोकांची कामं करून देऊन मतं बांधून ठेवणाऱ्या स्थानिक पक्षसंघटनेचं. भ्रष्ट म्हणून सुधारक तिला शिव्या घालत, तरी ती पुन्हा उभी राहायची. का? गरिबाला नोकरी हवी, घरात अन्न नाही, पोरगं पोलिसांच्या हाती सापडलंय, अशा वेळी वस्तीतला तिचा माणूस चौकशांचा ससेमिरा न लावता मदत करायचा. सरकारी मदतीत हा मान नव्हता. ते काम करणारी दुसरी सोय न उभारता यंत्रणा मोडायला निघणारे सुधारक हात हलवत परततात, असं मर्टन यांनी दाखवलं. माझ्या मते त्यांचं सर्वांत टिकाऊ लेखन हेच.

पार्सन्स यांच्या भव्य चौकटीऐवजी त्यांनी मध्यम पल्ल्याच्या सिद्धांतांचा आग्रह धरला, म्हणजे पुराव्यावर तपासता येतील एवढेच. साठच्या दशकात संघर्षवाद्यांच्या, म्हणजे समाजाकडे गटांमधल्या सत्तासंघर्षातून पाहणाऱ्यांच्या, माऱ्याखाली प्रकार्यवाद मागे पडला. अपकार्य मान्य करूनही सत्ता कोणाच्या हाती एकवटते, याचं नीट उत्तर मर्टन यांच्याकडे नव्हतं, ही टीका मला रास्त वाटते.