चोडणची कयाक आणि म्हादईची कयाक

गोव्यातल्या चोडण बेटाच्या खारफुटीत दोन तास कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी होडी, चालवून आलं की मित्रांपैकी कुणीतरी म्हणतोच, "आता पावसात सत्तरी तालुक्यात जाऊ, म्हादईत उतरू." नदी तीच, वर म्हादई आणि खाली मांडवी. नावही एकच, कयाक. पण होडी आणि पाणी दोन्ही वेगळी.

खाडीत भाड्याने मिळते ती बहुधा उघडी, रुंद, वर बसायची कयाक. तिला आरपार भोकं असतात, आत आलेलं पाणी निथळून जातं. कलंडलात तर पोहत येऊन पुन्हा चढायचं. भान ठेवायचं ते ओहोटीचं, उन्हाचं आणि फेरीबोटीचं.

खळाळत्या पाण्यातली कयाक वरून बंद असते. लांबी साधारण अडीच मीटर, बूड गोलसर. वल्ह्याच्या एका फटक्यात वळते, म्हणूनच नवख्याला ती सरळ चालवता येत नाही. मांड्या आत घट्ट बसलेल्या, कमरेभोवती पाणी अडवणारा स्कर्ट ताणलेला. उलटली की तुम्ही पाण्याखाली डोकं करून लटकता. मग कमरेच्या झटक्याने होडी सुलटी करायची, याला रोल म्हणतात. नाहीतर स्कर्टची पुढची पट्टी खेचून बाहेर पडायचं. हे दोन्ही संथ पाण्यात, शिकवणाऱ्यासोबत अंगवळणी पडलेलं हवं. म्हादईत राफ्टिंग केलंय एवढ्यावर विसंबू नका. राफ्टमध्ये नदी वाचायला, म्हणजे पाणी कुठे कसं वाहतंय ते ओळखायला, गाइड असतो, कयाकमध्ये ती तुम्हालाच वाचावी लागते.

ते वाचन हाच खरा थरार. मोठ्या खडकामागे पाणी उलटं फिरतं आणि एक शांत पट्टा तयार होतो, एडी. धारेतून तिथे शिरताना होडी गर्रकन वळते, दम घेता येतो, मागच्या मित्राला हाताने वाट दाखवता येते. मला हा क्षण सर्वांत प्रिय आहे.

बंधाऱ्याखालचं पाणी मात्र फसवं. वरून गुळगुळीत पडदा, खाली फेसाची सरळ रेघ. पडणारं पाणी तळाशी जाऊन वर येतं आणि पुन्हा बंधाऱ्याकडेच वळतं. सापडलेल्याला आतल्या आत घोळवत राहतं. लाइफ जॅकेट घातलेला माणूसही सुटेलच असं नाही. गोव्यात असे बंधारे ठिकठिकाणी आहेत. आधीच काठाला लागायचं आणि कयाक खांद्यावर घेऊन पुढे जायचं.

खाडीत मित्र गप्पांना लागतात. खळाळत्या पाण्यात किमान तिघे हवेत: एक अडकला तर एक दोरी फेकतो, दुसरा खाली वाहत येणाऱ्याला धरतो. धारेत पडलात तर उभं राहू नका, पाय खडकांत अडकला की पाणी माणसाला खाली दाबतं. पाठीवर तरंगा, पाय पुढे ठेवा.

आमच्यातला एकजण एकदा धार बघून म्हणाला, "आज मी नाही उतरत." कुणी आग्रह केला नाही. तो दोरीची पिशवी घेऊन काठाने खाली गेला, आणि तो तिथे उभा दिसल्यावरच आम्ही होड्या पाण्यात लोटल्या.