उष्ण हवामान आणि धावणे (ग्रामीण विदर्भ)

उष्ण हवामान आणि धावणे : हवेचे तापमान, आर्द्रता, वारा आणि उन्हाची धग यांचा धावणाऱ्याच्या वेगावर व दमावर होणारा परिणाम. सर्व अंतरांवर तो सारखा नसतो. 100 मी. शर्यतीत ऊबदार स्नायू जलद आकुंचन पावतात, तापलेली विरळ हवा अडथळाही किंचित कमी करते. तेथे उष्णता मानवते. अंतर वाढते तसा तोटा वाढत जातो. मॅरेथॉनच्या वेळांवरील बहुतेक अभ्यासांत 10 अंश सेल्सिअसच्या आगेमागे तापमान सर्वांत अनुकूल ठरले आहे. नागपूरकडची डिसेंबर-जानेवारीतली पहाट याच्या जवळपास जाते. मे महिन्यात तिथलाच पारा दुपारी 42-43 अंशांवर असतो. 23 मे 2013 रोजी नागपुरात 47.9 अंशांची नोंद झाली.

उष्णतेचा ताळेबंद : धावताना स्नायूंना मिळणाऱ्या ऊर्जेपैकी फार तर पाव हिस्सा हालचालीच्या कामी येतो, उरलेल्याची उष्णता होते. 60 किग्रॅ. वजनाचा माणूस 5 किमी. धावला तर सुमारे 300 किलोकॅलरी खर्च होतात. म्हणजे सव्वादोनशे किंवा त्याहून अधिक बाहेर टाकाव्या लागतात. त्वचेचे तापमान 35 अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून तापली की वारा अंग निववण्याऐवजी तापवतो आणि घामाचे बाष्पीभवन हा एकच मार्ग उरतो. 1 लि. घाम पूर्ण वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी नेतो. निथळून जमिनीवर पडलेला घाम जवळजवळ काहीच नेत नाही. नवतपात (रोहिणी नक्षत्राचे पहिले नऊ दिवस, साधारण 25 मेपासून) विदर्भाची हवा इतकी कोरडी असते की घाम दिसण्याआधीच उडतो. धावून आलेला मुलगा ‘घामच नाही आला’ म्हणतो, आणि त्याच्या काळ्या टी-शर्टच्या पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या असतात. अशा वेळी पाण्याची तूट ओळखण्यास घाम हा निकष फसवा ठरतो. धावण्यापूर्वीचे व नंतरचे वजन अधिक विश्वसनीय.

वेग का मंदावतो : याविषयी एकमत नाही. जुना विचार पाण्याच्या तुटीभोवती फिरत होता. 1969 मध्ये विंडहॅम व स्ट्रायडम यांच्या दक्षिण आफ्रिकेतील लेखाने त्यास बळ दिले. त्यानंतर डेन्मार्कमधील बोडिल नील्सन व सहकाऱ्यांच्या 1993 च्या प्रयोगांतून ‘निर्णायक तापमाना’ची कल्पना पुढे आली : शरीराच्या गाभ्याचे तापमान 40 अंशांच्या घरात पोहोचले की मेंदू स्नायूंना देत असलेली चालना घटते. 1999 मध्ये गोंझालेस-आलोन्सो आणि सहकाऱ्यांनी सायकलपटूंचे सुरुवातीचे तापमान 36, 37 व 38 अंश असे वेगवेगळे ठेवले. त्यांचा टिकाव अनुक्रमे सुमारे 63, 46 व 28 मिनिटे इतका भिन्न निघाला, पण थकून थांबताना सर्वांचे तापमान 40 च्या किंचित वर, जवळजवळ एकच होते. हा पुरावा देखणा आहे. मात्र तो ठरावीक जोर लावून गळेपर्यंत चालवलेल्या सायकलींवरचा आहे, धावणारा स्वतःचा वेग स्वतः ठरवतो. दक्षिण आफ्रिकेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ टिम नोक्स व त्यांच्या गटाने नेमका येथेच आक्षेप घेतला. त्यांच्या 2004 च्या प्रयोगात 35 अंशांतील सायकलपटूंनी शरीर अजून फारसे तापलेले नसतानाच जोर कमी केला. मेंदू पुढचा अंदाज घेऊन आधीच लगाम खेचतो, असा त्यांचा अर्थ. पुढे 2009 मध्ये गाभा 40 अंशांवर गेलेले धावपटू 8 किमी.च्या चाचणीत वेग टिकवून असल्याचे आढळले, तेव्हा एका आकड्यावर सगळा भार टाकणे कठीण झाले. आणखी एक मत रक्ताभिसरणाचे आहे : रक्त त्वचेकडे वळते, घामाने त्याचे आकारमान घटते, हृदयाचे ठोके वाढतात, आणि तोच वेग पेलण्यास क्षमतेचा मोठा हिस्सा लागतो. ही कारणे एकमेकांना छेद देत नाहीत. दीर्घ अंतरासाठी रक्ताभिसरणाचा वाटा मोठा मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

आकड्याचा प्रश्न : पॅरिस ऑलिंपिकमधील 1924 ची क्रॉसकंट्री शर्यत उन्हाच्या संदर्भात नेहमी सांगितली जाते. 38 पैकी 15 जणांनीच ती पूर्ण केली. विजेता पावो नुर्मी. त्या दिवशीचे तापमान कोठे 40 तर कोठे 45 अंश दिले जाते. ते सावलीतले की उन्हातले हे न पाहता तुलना करू नये. केवळ सावलीतला पारा अपुरा पडतो म्हणून साधारण 1956-57 च्या सुमारास अमेरिकी लष्करी प्रशिक्षण छावण्यांसाठी संयुक्त निर्देशांक तयार झाला. त्यात ओल्या फुग्याच्या (ओले कापड गुंडाळलेल्या तापमापीच्या) तापमानाला 0.7, काळ्या गोलाच्या (उन्हात ठेवलेल्या काळ्या पोकळ गोळ्यातील तापमापीच्या) तापमानाला 0.2 व साध्या तापमानाला 0.1 असे वजन असते. विदर्भासाठी त्याचा निष्कर्ष अनपेक्षित आहे. मेमधील कोरडी दुपार घ्यावी : साधे 44, ओल्या फुग्याचे 23, काळ्या गोलाचे 56 धरल्यास निर्देशांक 31.7 येतो. जूनअखेरची ढगाळ, उमसलेली दुपार : 33, 29 व 38 धरल्यास 31.2. पारा 11 अंशांनी उतरला, लोक ‘सुटलो’ म्हणाले, पण धावणाऱ्यावरचा ताण जवळपास तेवढाच राहिला. दोहा येथे 2019 ची महिलांची जागतिक मॅरेथॉन मध्यरात्री सुरू करूनही 68 पैकी 28 जणींनी ती अर्ध्यावर सोडली. तेथेही ऊन नव्हते, दमटपणा होता.

विदर्भातील धावणे : गावोगावी धावणारे बहुतेक भरतीची तयारी करणारे असतात. पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना 1600 मी. व महिलांना 800 मी. धावावे लागते, सध्याच्या पद्धतीत 1600 मी.चे पूर्ण 20 गुण 5 मिनिटे 10 सेकंदांच्या आत मिळतात. पाच मिनिटांच्या धावेत गाभा धोक्याच्या पातळीवर जात नाही. ‘ग्राउंड’ (मैदानी चाचणी) हातचे जाते ते बहुधा रांगेत : कागदपत्रे, उंची, छाती, मग आपल्या तुकडीची वाट, आणि डोक्यावर दुपट्ट्याखेरीज सावली नाही. वनरक्षकाच्या 5 किमी. धावेला मात्र वर दिलेले सर्व विवेचन लागू पडते.

सरावाची वेळ पहाटेची, सूर्योदयाच्या आगेमागे, जेव्हा हवा सर्वांत थंड असते. संध्याकाळी डांबरी सडक दिवसभराची धग बराच वेळ परत देत राहते. शेताचा धुऱ्याकडचा (बांधाकडचा) रस्ता त्यापेक्षा बरा. उन्हाची सवय 7 ते 14 दिवसांत होते : रक्तद्रवाचे आकारमान वाढते, घाम लवकर सुटतो, त्यातील मीठ कमी होते. हे बदल रोज शरीर तापले तरच होतात, आणि खंड पडल्यास काही आठवड्यांत ओसरतात. त्यामुळे कपाशीच्या पऱ्हाट्या-धसकटे वेचणारा मजूर या बाबतीत दिवसभर कूलरखाली अभ्यासिकेत बसणाऱ्या उमेदवाराच्या पुढे असतो.

पन्हे, ताक, अंबील यांतून पाणी व मीठ दोन्ही मिळते. खिशातल्या कांद्याचा ऊन न लागण्याशी संबंध सिद्ध झालेला नाही. नुसते पाणी गरजेपेक्षा फार पिणेही घातक, कारण रक्तातील सोडियम उतरते.

उष्माघात : गाभा 40 अंशांवर आणि सोबत बरळणे, झोकांड्या किंवा बेशुद्धी. कोरड्या हवेतही धावणाऱ्याचे अंग ओले असू शकते, म्हणून ‘घाम थांबला तरच ऊन लागले’ ही समजूत चुकीची. दवाखाना दूर असल्यास आधी थंड करणे, मग नेणे असा क्रम आहे : कपडे सैल करून गळ्यापर्यंत हौदात बसवणे, डोके धरून ठेवणे, नाहीतर विहिरीवरच्या मोटारीची धार अंगावर सोडून वारा घालणे. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये.