'स्त्रीवाद १९७५ नंतर आला' : नागपूरपुरता खुलासा

महिला दिन जवळ आला की एक वाक्य हमखास फिरतं : आपल्याकडे स्त्रीवाद १९७५च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षानंतर, तोही शिकल्यासवरल्या घरांतून, पश्चिमेची नक्कल म्हणून आला. शब्द तेव्हा रुळला असेल. मागण्या जुन्या आहेत.

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. ठराव पाहा : घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कायदेमंडळांत राखीव जागा. गिरणी, विडी, नगरपालिका आणि रेल्वेतल्या कामकरी बायांसाठी तर थेट आकडे : वर्षाला २१ दिवस किरकोळ रजा, १ महिना हक्काची रजा, कामावर इजा झाल्यास भरपाई, २० वर्षांच्या नोकरीनंतर महिना १५ रुपये पेन्शन. यात 'पश्चिमेची नक्कल' नेमकी कुठं आहे? घटस्फोट आणि एकपत्नीत्व देशभरच्या हिंदू विवाह कायद्यात आलं १९५५ साली, म्हणजे १३ वर्षांनी.

घोळ होतो तो असा : 'समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो' हे बाबासाहेबांचं याच परिषदेतलं सांगणं पोस्टरवर छापतात, आणि बायांनी मांडलेले ठराव गाळतात.