१९०२चा हुकूम आणि त्यामागून आलेला जमिनीचा प्रश्न

आरक्षणाचा विषय निघाला की कोल्हापूरचं नाव येतं आणि बोलणं संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी जागा राखणाऱ्या २६ जुलै १९०२च्या हुकमापाशी थांबतं. त्या हुकमाचं मोल मोठंच आहे. पण शाहू महाराजांनी पुढच्या सोळा-सतरा वर्षांत जे केलं, विशेषतः वतनांबाबत, म्हणजे वंशपरंपरागत गावचाकरी आणि तिच्या जमिनींबाबत, ते बाजूला ठेवलं तर हा हुकूम अर्धाच कळतो.

१८९४ साली कारभार महाराजांच्या हाती आला, तेव्हा दरबारच्या सामान्य प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण होते. पुढे वेदोक्त प्रकरण पेटलं. खुद्द छत्रपतींना वेदोक्त, म्हणजे वेदमंत्रांनी होणाऱ्या, विधींचा अधिकार नाही, असं पदरच्या पुरोहितांनी सांगितलं. छत्रपतींची ही गत, तर गावकुसाबाहेरच्या माणसाचं काय! महाराज विलायतेत असतानाच हुकूम निघाला: यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांना. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सारे मागास. त्यात मराठेही आले.

पण जागा राखल्या तरी शिकलेला उमेदवार हवा, आणि खेड्यातल्या पोराला शहरात राहण्या-जेवण्याची सोय नव्हती. म्हणून बोर्डिंगं उभी राहिली. १९०१ साली मराठा आणि जैन, मग मुस्लिम, लिंगायत, आणि १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातवार वसतिगृहं का काढली, असा आक्षेप आजही घेतला जातो. मला तो पटत नाही. पंक्तीत सोवळं पाळणाऱ्या त्या काळात एकच वसतिगृह काढलं असतं, तर अस्पृश्य मुलगाच सगळ्यात आधी दाराबाहेर राहिला असता. जिथे करणं शक्य झालं तिथे महाराजांनी भिंत पाडलीच: १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुलं एका शाळेत आणली.

सगळ्यात खोल घाव मात्र वतनावर बसला. महार वतन म्हणजे गावच्या आणि सरकारच्या चाकरीबदली मिळालेला जमिनीचा तुकडा. टपाल पोचवायचं, साऱ्यासाठी लोकांना चावडीवर बोलावून आणायचं, मेलेलं जनावर ओढायचं, अंमलदार आला की त्याचं सामान वाहायचं. हाक आली की उठायचं, मग रात्र असो की आजारपण. पिढ्या वाढल्या तशी जमिनीची वाटणी गुंठ्यांवर आली, पण चाकरी सगळ्या भावकीच्या मानेवर तशीच राहिली. जमीन सोडावी तर पोटाला आधार नाही, धरावी तर वेठ चुकत नाही. १९१८ साली करवीर म्हणजेच कोल्हापूर संस्थानात ही वतनं रद्द झाली आणि जमिनी रयतावा करून, म्हणजे चाकरीची अट काढून साध्या सारा भरायच्या जमिनी करून, कसणाऱ्यांच्या नावे झाल्या. त्याच साली गावचे हिशेब-दप्तर वंशपरंपरेने सांभाळणारं कुलकर्णी वतन जाऊन पगारी तलाठी आले. अस्पृश्य समाजातली माणसंही तलाठी झाली.

शेजारच्या ब्रिटिश मुलखात हे व्हायला फार वेळ लागला. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, पण ते पार पडलं नाही. कनिष्ठ ग्रामवतनं रद्द करणारा कायदा १९५८ साली आला, करवीरनंतर तब्बल ४० वर्षांनी. तोही नव्या शर्तीसह: जमीन मिळेल, पण परवानगीशिवाय विकता येणार नाही.

स्वातंत्र्यानंतर इथल्या पैशाची वाट पाण्याने ठरवली. महाराजांनी सुरू केलेलं राधानगरी धरण पुरं झालं, ऊस पसरला, सहकारी साखर कारखाने आणि दूध संघ उभे राहिले. सहकाराने या जिल्ह्यातल्या लहान शेतकऱ्यालाही उभं केलं, हे मान्यच करायला हवं. पण कारखान्याचा ऊस उत्पादक सभासद व्हायला ऊस लागतो, आणि उसाला जमीन व पाणी. ज्याच्याकडे दोन्ही नव्हतं, तो या भरभराटीत मजूर म्हणूनच राहिला.

आता वाटण्या होऊन बागायतदारांचीही शेती एकरा-दोन एकरांवर आली आहे. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकूण आरक्षणावरच्या ५० टक्क्यांच्या मर्यादेवर बोट ठेवून मराठा आरक्षण रद्द केलं, आणि जूनमध्ये शाहू महाराजांच्या समाधीस्थळी मूक आंदोलन झालं. त्या तरुणांची अडचण खरी आहे. त्यांच्याच गावच्या फडात मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड टोळ्या असतात. या टोळ्यांमधल्या मुलांची शाळा हंगामात बुडते, आणि ती बुडते १९१७ साली शिक्षण सक्तीचं करणाऱ्या याच मुलखात.